प्रार्थनेआधी नायजेरियाशी ओळख

"2026 च्या जागतिक प्रार्थना दिनाची उपासना नायजेरियातल्या स्त्रियांनी तयार केली आहे. मुलांकडूनही घरी प्रार्थना करून घ्यावी असं वाटतं. पण नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, 'तिथे सगळे गरीबच असतात का?' आणि धाकटी बातम्या ऐकून घाबरली आहे. काय आणि किती सांगू?" (लेस्टरहून एक आई)

ताई, मुलाचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण आपण मोठी माणसंही पुष्कळदा तिथेच अडकतो. प्रार्थनेत "त्या बिचाऱ्यांना" असं म्हटलं की मुलाच्या मनात आपण वर आणि ते खाली अशी मांडणी होऊन बसते. म्हणून मागण्याआधी उपकारस्तुती करा, आणि उपकार कशाचे मानायचे ते कळण्यासाठी आधी देशाची ओळख करून द्या.

नकाशा काढा. नायजर आणि बेन्वे या दोन नद्या लोकोजाला मिळतात, ते ठिकाण मुलांना बोटाने शोधू द्या. राजधानी अबुजा, सर्वांत मोठं शहर लागोस, लोकसंख्या 20 कोटींहून जास्त, भाषा 500 च्या वर. 1 ऑक्टोबर 1960 ला हा देश ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. तिथल्या योरुबा समाजाच्या घरांत मोठ्यांना अभिवादन करताना मुली गुडघे टेकतात आणि मुलगे जमिनीवर पालथे होतात, हे आपल्या मुलांना लगेच आवडेल. आजी-आजोबांसमोर वाकायला तीही शिकलेली असतात. एखाद्या शनिवारी जोलोफ राइस करा, टोमॅटो, कांदा आणि लाल मिरचीच्या वाटणात शिजवलेला भात.

गोष्ट सांगायची तर सॅम्युएल अजायी क्राउदर यांची सांगा. 1821 च्या सुमारास गुलामांच्या व्यापाऱ्यांनी गावावर हल्ला केला आणि या योरुबा मुलाला पकडून नेलं. हातोहाती विकला जाऊन तो शेवटी जहाजावर चढवला गेला. ब्रिटिश आरमाराने ते जहाज अडवलं आणि त्याला सिएरा लिओनला उतरवलं. तिथे तो शिकला, त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि 1864 मध्ये तो अँग्लिकन मंडळीचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. योरुबा बायबलच्या भाषांतरातही त्याचा मोठा वाटा होता. मुलांना सर्वांत भावेल ते मात्र निराळंच: ताटातूट झालेली आई त्याला सुमारे 25 वर्षांनी नायजेरियातल्या अबेओकुटा शहरात पुन्हा भेटली. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ भाषांवरून मराठी बायबल केलं, हे मुलांना ठाऊक नसेल तर तेही याच वेळी सांगा. देवाचं वचन आपल्या लोकांच्या बोलीत यावं म्हणून दोघांनीही आयुष्य वेचलं.

आता दुःखाची बाजू. ती लपवू नका, पण धाकटीला बातम्यांची दृश्यं दाखवू नका. "काही गावांत लोकांना रात्री भीती वाटते, प्रभू, त्यांना सांभाळ," एवढं तिला पुरे. मोठ्याला ईशान्य नायजेरियातल्या चिबोक गावाबद्दल सांगता येईल. एप्रिल 2014 मध्ये बोको हराम या अतिरेकी संघटनेने तिथल्या शाळेतून 276 मुली पळवून नेल्या. पुष्कळ जणी सुटल्या, पण कितीतरी अजून घरी आलेल्या नाहीत. तो विचारेल, "मग प्रार्थनेचा उपयोग काय?" घाईघाईने गोड उत्तर देऊ नका. तुम्हालाही या प्रश्नाने त्रास होतो हे त्याला कळू द्या आणि एखादं विलापाचं स्तोत्र सोबत वाचा. "हे परमेश्वरा, कुठवर?" असं विचारणं हीसुद्धा पवित्र शास्त्रातली प्रार्थनाच आहे.

एका गोष्टीत मात्र फार जपा. उत्तरेत मुसलमान बहुसंख्य, दक्षिणेत ख्रिस्ती, आणि मधल्या पट्ट्यात दोघेही. तिथे शेतकरी आणि गुराखी यांच्यात जमीन-पाण्यावरून जीवघेणे तंटे होतात आणि त्यांत धर्म मिसळतो. ख्रिस्ती गावांवरचे हल्ले खरे आहेत, ते खरेच सांगा. बोको हरामने असंख्य मुसलमानांनाही मारलं आहे, तेही सांगा. वर्गातल्या मुसलमान मित्राबद्दल मुलाच्या मनात अढी बसली, तर ती प्रार्थना बिघडली असं मी मानते.

प्रार्थना नेमकी आणि छोटी असू द्या. एका संध्याकाळी शाळेला जाणाऱ्या मुलींसाठी, दुसऱ्या दिवशी तेलगळतीने नासलेल्या, नायजर नदीच्या मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशातल्या कोळ्यांसाठी, मग तिथल्या पाळकांसाठी. 2026 च्या उपासनेचा विषय मत्तय 11:28 मधला आहे, कष्टी व भाराक्रांत लोकांना प्रभू देतो तो विसावा. ते वचन मुलांकडून मराठीत पाठ करून घ्या. प्रार्थना ती इंग्रजीत करतील, करू द्या.

आणि तुमच्या मंडळीत नायजेरियन कुटुंब असेल तर त्यांना जेवायला बोलवा आणि मुलांनाच विचारू द्या, "तुमच्यासाठी काय मागू?" तेही उलट विचारतील. तेव्हा गावाकडच्या आजीचं दुखणं, शाळेतली काळजी, जे असेल ते मुलांना मोकळेपणाने सांगू द्या.