हृदय बदललं, पण विज्ञानकथा झाली का?

प्रश्न : माझ्या कथेत हृदय प्रत्यारोपणानंतर नायकाला दात्याच्या आठवणी येऊ लागतात. त्या कशा येतात, हे मी मुद्दाम गूढ ठेवलंय. 'प्रत्यारोपणं रोज होतात, ही विज्ञानकथा नव्हे' असा परीक्षकांचा शेरा आला. तो योग्य आहे का?

उत्तर : निकाल बरोबर, कारण चुकीचं. केप टाउनमध्ये ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसाचं हृदय माणसाला पहिल्यांदा बसवलं गेलं. त्याआधी कुणी नीट विचार करून तशी कथा लिहिली असेल, तर ती आजही विज्ञानकथाच. पाहायचं ते हे, की आज न घडणारी कोणती गोष्ट तुम्ही गृहीत धरलीत आणि ती कशी घडते याचा धागा कथेत आहे का. तुम्ही तो दिलेला नाही, म्हणून ही गूढकथा. त्यात कमीपणा काहीच नाही.

धागा द्यायचाच असेल, तर अडचण अशी : हृदय काढताना त्याचे मज्जातंतू कापले जातात. बसवताना रक्तवाहिन्या शिवतात, मज्जातंतू जोडत नाहीत. त्यामुळे आठवणींना मेंदूकडे जायला ती वाट नाही. रक्तातून जाणारं काहीतरी शोधावं लागेल. मेंदूचा लगामही सुटलेला असतो, म्हणून नायक स्वस्थ पडला तरी ठोके मिनिटाला ९० ते ११०. पळायला लागला, तर रक्तातलं अ‍ॅड्रिनलिन वाढेपर्यंत वेग चढत नाही आणि थांबल्यावर लवकर उतरतही नाही. 'तिला पाहताच काळीज धडधडलं' हे वाक्य पहिल्या काही महिन्यांत तरी खोटं ठरेल! (पुढे काहींमध्ये मज्जातंतू थोडेफार परत वाढतात.)

वेळही सांभाळा. बर्फातल्या पेटीत हृदय साधारण चार तास टिकतं. मूत्रपिंड दिवसभर ठेवता येतं. आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बऱ्याच कथांत त्या दुसऱ्या प्रकरणापासून गायब होतात.

प्रश्न : दाता डुक्कर केला तर?

उत्तर : निव्वळ तेवढ्यावर भागणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरला १० जनुकीय बदल केलेल्या डुकराचं हृदय एका रुग्णाला बसवलं. तो सुमारे दोन महिने जगला. नंतर त्या हृदयात डुकरांमधला एक विषाणू आढळला, आधीच्या चाचण्यांना तो सापडला नव्हता. कथा तिथून सुरू करा.