काही मिळवलं नाही की स्वतःची किंमतच वाटत नाही. यशाशिवाय आतून समाधान कसं मिळवायचं?

तुम्ही लिहिलंय की वय 29, नोकरी बरी आहे, घरी कटकट नाही. पण प्रमोशन, परीक्षा, बक्षीस असं काही हाती लागलं तर चार दिवस छान जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा 'आपण कुणीच नाही' सुरू होतं. त्या पाचव्या दिवसात मी बरीच वर्षं राहून आलोय, म्हणून लिहितो.

मी नाशिकरोडचा. वडील करन्सी नोट प्रेसमध्ये होते. 1928 पासून नोटा छापणारी ती प्रेस. त्यांच्या हाताखालून रोज किती पैसा जायचा कुणास ठाऊक. संध्याकाळी झडती देऊन बाहेर पडायचे आणि घरी येऊन दूधवाल्याच्या हिशोबाला बसायचे. पोरगा अधिकारी व्हावा असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काय? बारावीला मला 84 टक्के पडले तेव्हा कॉलनीत पेढे वाटले गेले. बी.एस्सी.ला 58 आले. कुणी रागावलं नाही. फक्त त्या रविवारी मामा आले, तेव्हा सगळ्यांची चौकशी झाली आणि माझा विषयच निघाला नाही.

कार्ल रॉजर्स नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. त्याचं म्हणणं असं की मूल लहानपणीच ओळखतं, आपण कशाने आवडते होतो आणि कशाने नाही. मग त्याच अटी ते स्वतःला लावून घेतं. पेढ्यांचं गणित मला त्यामुळे कळलं. पुढे मामा यायचे बंद झाले तरी त्यांच्या वतीने मीच माझा विषय टाळत राहिलो.

त्यानंतर एमपीएससी. पाच वर्षं. कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत ठरलेली खुर्ची, टिफिन, रात्री शेवटची सिटी बस. एकदा मुलाखतीपर्यंत गेलो, अंतिम यादीत नाव नव्हतं. आता अंबडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे बरेच महिने न हललेल्या मालाला 'नॉन-मूव्हिंग' म्हणतात. ऑडिटर आला की पहिलं बोट त्यावर. मी स्वतःकडे नेमकं त्याच नजरेने बघायचो: सहा महिन्यांत काय हललं? काही नाही? मग भंगारात काढा.

मग मीही तुमच्यासारखंच ठरवलं की आता समाधान आतून शोधायचं. आणि इथे जी गंमत झाली तीच तुम्हाला सांगायची आहे, बाकी उत्तर वाचलं नाही तरी चालेल. मी ध्यानाचं ॲप घेतलं. त्यात सलग दिवस मोजतात. 46 दिवस झाले, 47व्या दिवशी भावाच्या लग्नाच्या गडबडीत राहून गेलं आणि आकडा शून्यावर आला. मांडवात बसून मी खट्टू! पुढे इगतपुरीला धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, मौन, मोबाईल जमा. शिबिर चांगलंच होतं, तक्रार नाही. पण परतताना गाडी घोटीच्या पुढेही आली नसेल, मी तिघांना मेसेज टाकला होता, 'दहा दिवस पूर्ण केले'. पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लागलो, तर घड्याळ लावून. कालच्यापेक्षा वीस सेकंद जास्त लागले की दिवस खराब.

म्हणजे शांती हीसुद्धा मी परीक्षेसारखीच द्यायला बसलो होतो. तुमच्या प्रश्नातही 'समाधान कसं मिळवायचं' असं आहे बघा. तेही मिळवायचंच!

एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मधल्या फेरीत प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले. पुढच्या फेरीत पैसे बंद झाल्यावर त्या मुलांनी मोकळ्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला. आधी तीच कोडी ती आपखुशीने सोडवत होती. पायऱ्यांचं माझं तेच झालं होतं. वर गेल्यावर लेण्यांपाशी गार वारा येतो, खाली सिडको-अंबडचे पत्रे चमकतात, आणि मी मनगटाकडे बघत असायचो.

यश वाईट नाही. पगारवाढ झाली की मला आजही आनंद होतो, हप्ते त्यातूनच जातात. 'यशात काय ठेवलंय' असं बहुतेक तेच लोक सांगतात ज्यांचं घर फेडून झालंय. मी एवढंच केलं की आयुष्यातली एक गोष्ट हिशोबाबाहेर ठेवली. फोटो नाही, आकडा नाही, कुणाला सांगणं नाही. (आज तुम्हाला सांगतोय, म्हणजे नियम मोडला.) आणि ती मुद्दाम अशी निवडली की जी मला येत नाही.

पंचवटीत एका भजनी मंडळात गुरुवारी टाळ वाजवायला जातो. तीन वर्षं झाली, लय अजून पळते. पखवाजवाले काका गाणं चालू असतानाच डोळ्यांनी खूण करतात, 'मागे ये'. सुरुवातीला कान तापायचे. घरी येऊन यूट्यूबवर टाळ शिकायला बसलो, मग जाणवलं की गाडी पुन्हा त्याच रुळावर चाललीय, तेव्हा बंद केलं. आता चुकतो आणि वाजवत राहतो. 'आतून' म्हणजे एकट्याने दार लावून, असं मला वाटायचं. माझ्या बाबतीत तरी ते चारचौघांत बेसूर बसून जमलं. जे पेढ्यांनी शिकवलं होतं ते पुसायला दुसरी माणसंच लागली.

पाचवा दिवस अजून येतो. परवा बॅचमधला एक जण तहसीलदार झाल्याचं कळलं, रात्रभर झोप नव्हती. फरक इतकाच की सकाळी उठून मी नवीन कोर्स शोधत बसलो नाही.

एक मात्र आवर्जून: झोप, भूक गेली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर इथली उत्तरं वाचत बसू नका. सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मागच्या गुरुवारी स्टॉक टेकिंगमुळे मला जाता आलं नाही. साडेनऊला काकांचा फोन. म्हटलं आता लयीवरून बोलणार. ते म्हणाले, "अरे आहेस कुठे? सतरंजीची तुझी बाजू मोकळीच राहिली आज. आणि प्रसादाचा शिरा ठेवलाय डब्यात, उद्या येता-जाता घेऊन जा."