आजारी कुत्रा फॉस्टर केला, आता झेपत नाही

"आजारी कुत्र्याला तात्पुरतं घरी ठेवून घेतलं, पण आता झेपत नाही. परत दिलं तर मी त्याला दगा दिला असं होईल का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे अधूनमधून येतो. विचारणारी माणसं बहुधा हळवी, कामसू आणि कुणाला 'नाही' म्हणणं न जमणारी असतात. एका अनुभवाच्या आधाराने उत्तर देते. संबंधित बाईंची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई पन्नाशीच्या. मुलगी शिकायला बाहेर, घरात नवरा आणि एक म्हातारी कुत्री. प्राण्यांना वाचवणाऱ्या एका संस्थेच्या ग्रुपवर त्यांनी एका कुत्र्याचा फोटो पाहिला. बरगड्या वर आलेल्या, कानांत गोचिडांचे घोस. खाली लिहिलं होतं, 'फक्त दोन आठवडे कोणीतरी ठेवा, नाहीतर पुन्हा रस्त्यावर सोडावं लागेल.' बाईंनी 'आणा' असं लिहून टाकलं आणि मग नवऱ्याला सांगितलं. त्या दोन आठवड्यांचे पाच महिने झाले तेव्हा त्या माझ्याकडे आल्या, त्याही झोप येत नाही ही तक्रार घेऊन. कुत्र्याचा विषय अर्ध्या तासाने निघाला. "यासाठी कोणी समुपदेशकाकडे जातं का?" असं त्यांनीच आधी विचारून घेतलं.

त्याचं नाव ढब्बू. आला तेव्हा हाडांचा सापळा होता म्हणून मुलीने गमतीने ठेवलेलं. रक्ततपासणीत एर्लिकिया निघाला, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप. प्लेटलेट्स खाली गेलेल्या. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन दिल्यावर तो सावरला, अंग भरलं. 'आता दत्तक जाईल' असं सगळे म्हणत असताना त्याला पहिली फिट आली. मग दुसरी. तपासण्यांमध्ये ठोस कारण सापडलं नाही. डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन हे फिट रोखणारं औषध सुरू केलं, दर बारा तासांनी. फिट येणाऱ्या कुत्र्याला दत्तक घ्यायला कोणी येईना. संस्था दर वेळी म्हणे, "आणखी थोडे दिवस बघा ना."

मी त्यांना फक्त आदल्या दिवसाचा हिशेब विचारला, सकाळी उठल्यापासून. पहाटेची गोळी, म्हाताऱ्या कुत्रीला वेगळं आणि याला वेगळं फिरवणं, ऑफिसातून घरच्या कॅमेऱ्यात डोकावणं, संध्याकाळची गोळी, रात्री त्याच्या अंथरुणाशेजारी सतरंजी. प्रत्येक खुडबुडीला त्या उठून बसत. नवरा काय करतो? "ते म्हणतात, तूच आणलंस ना." संस्थेला सांगितलं का? "कसं सांगू? तिथे सगळे मला देवमाणूस म्हणतात."

हे देवमाणूसपण मला फार धोक्याचं वाटतं. ज्याला सगळ्यांनी मोठ्या मनाचा ठरवलं, त्याला 'मी दमलो' म्हणायची सोय उरत नाही. संस्थांचे लोक वाईट नसतात, बहुतेक जण स्वतःच पिचलेले असतात. पण 'नाहीतर रस्त्यावर' असं लिहून मिळवलेला होकार हा विचार करून दिलेला होकार नव्हे. असा होकार देणारा माणूस, पुढे कधी मागे वळायचं झालं, की स्वतःलाच आरोपी करतो.

दुसऱ्या भेटीत त्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, परवा त्याला फिट आली तेव्हा माझ्या मनात आलं की आता संपून जाऊ दे एकदाचं. मी काय माणूस आहे?"

अशा वेळी मी दोन गोष्टी करते. आधी सरळ विचारते, स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? त्यांच्या मनात येत नव्हतं. येत असतं, तर ढब्बूचा विषय बाजूला ठेवून आधी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं असतं. आणि मग सांगते की हे वाक्य मी अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणाऱ्या सुनेकडून ऐकलंय, आजारी मुलाच्या बापाकडूनही ऐकलंय. संपावी असं वाटतं ती परिस्थिती. दमलेल्या मनाला परिस्थिती आणि त्यातला जीव वेगळे काढता येत नाहीत. बाई रडल्या, मी रडू दिलं.

आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यावर किती भार पडतो, हे मोजण्यासाठी 1980 मध्ये झारिट आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली, ती स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या कुटुंबीयांसाठी. तीच प्रश्नावली प्राण्यांच्या संदर्भात बेतून स्पिट्झनेगल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घ किंवा गंभीर आजार असलेल्या प्राण्यांच्या पालकांवर निरोगी प्राण्यांच्या पालकांपेक्षा जास्त भार, जास्त ताण आणि नैराश्याची जास्त लक्षणं दिसली. मी हे बाईंना सांगितलं, कारण त्यांना आपण नाटकी आहोत असं वाटत होतं. माझी त्यात एक भर आहे. तो अभ्यास स्वतःचा प्राणी असलेल्यांचा. फॉस्टर करणाऱ्याकडे कष्ट सगळे असतात, पण निर्णयाचा हक्क धूसर असतो. पुढची तपासणी करायची का, खर्च कोण करणार, औषध बदलायचं का, त्रास हाताबाहेर गेला तर शेवटचा निर्णय कोणाचा? पाच महिन्यांत बाईंनी यातलं काहीच कोणाला विचारलं नव्हतं. उत्तर नाही म्हणून सगळंच त्यांनी गुपचूप स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. माझ्या मते त्यांची झोप उडवणारी गोष्ट फिटपेक्षाही ही होती.

'परत देऊ की नको' हा प्रश्न मी मुद्दाम तीन आठवडे बाजूला ठेवायला सांगितला. न झोपलेल्या माणसाने असा निर्णय घेऊ नये, एवढं साधं कारण. (आमच्या क्षेत्रात 'स्वतःसाठी वेळ काढा' असं सांगायची पद्धत आहे. बारा-बारा तासांच्या गोळीला बांधलेल्या माणसाला ते सांगणं म्हणजे चिडवणंच.) त्याऐवजी भीतीचं काय करता येईल ते पाहिलं. फिटबद्दल त्यांना नक्की काय माहीत आहे हे विचारलं, तर बरंचसं ऐकीव निघालं. जीभ गिळेल म्हणून त्या तोंडात बोटं घालायला जात. मी पशुवैद्य नाही, म्हणून प्रश्न लिहून घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आणि नवऱ्याला बरोबर न्या असा आग्रह धरला.

परत आल्या त्या कागद घेऊन. कुत्रा जीभ गिळत नाही, तोंडाजवळ हात नेला तर मात्र शुद्ध नसताना तो जोरात चावू शकतो. फिट आली की आजूबाजूचं सामान सरकवायचं, जिन्यापासून दूर ठेवायचं, घड्याळ बघायचं, जमलं तर व्हिडिओ काढायचा. फिट पाच मिनिटांहून लांबली, किंवा चोवीस तासांत एकाहून अधिक आल्या, किंवा मधे शुद्ध येतच नसेल, तर ताबडतोब दवाखाना. फिटनंतर काही काळ तो भेलकांडतो, भिंतीला धडकतो, माणसं ओळखत नाही, हे त्या अवस्थेचाच भाग आहे. औषधाने तहान, भूक, लघवी वाढते, सुरुवातीची गुंगी पुढे ओसरते. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी तपासायची, यकृतावर लक्ष ठेवायचं. आणि गोळी मनाने अचानक कधीच थांबवायची नाही, त्याने जोरदार फिट येऊ शकतात. नवऱ्याची वेगळीच भीती होती. तो गोचीडताप आपल्याला आणि म्हातारीला लागेल, असं त्यांनी मनात धरलं होतं, म्हणून ते लांब राहत. हा आजार शेजारी झोपल्याने लागत नाही, तो गोचिडांमार्फत पसरतो, तेव्हा गोचिडांचा बंदोबस्त ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर ते निवळले. संध्याकाळची गोळी त्यांनी स्वतःकडे घेतली. या नवऱ्याला मी महिनाभर मनातल्या मनात बेजबाबदार ठरवलं होतं असं नाही, पण त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं, हे खरं.

मग वही. बाई फिटची नोंद ठेवत होत्या, तारीख आणि मिनिटं, डॉक्टरांना ती लागतेच. मी म्हटलं, बाकीच्या दिवसांचीही ठेवा. खाल्लं का, शेपटी हलली का, बाहेर जायला उठला का. प्राण्यांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची जगण्याची प्रत मोजायची एक पट्टी आहे. त्यात वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण देतात. ती मुळात अखेरच्या काळातल्या प्राण्यांसाठी आहे, आम्ही फक्त तिचा शेवटचा प्रश्न उचलला. तीन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा फिट एक होती, दीड मिनिटाची. बाकी पानांवर 'खाल्लं', 'चप्पल पळवली', 'म्हातारीने गुरकावलं'. बाईंना मात्र मनातून वाटत होतं की तो रोजच तडफडतोय. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो बरा आहे. बरी मी नाहीये."

इथून बोलणं सरळ झालं. ढब्बूचे हाल होतायत म्हणून त्याला द्यायचं, ही सबब आता गेली होती. उरलं ते एवढंच, की हे काम वर्षानुवर्षं करायची त्यांची तयारी नव्हती. आणि ते त्यांनी पत्करलंही नव्हतं. फिटचा विकार असलेलं कुत्रं बहुधा आयुष्यभर औषधावर असतं. फॉस्टर म्हणून दोन आठवड्यांना 'हो' म्हणणाऱ्याने त्या आयुष्यभराला नकार दिला, तर त्यात दगा कसला? दगा झाला असता तो गोळ्या चुकवण्यात, फिट लपवून त्याला दत्तक देण्यात किंवा एके दिवशी वैतागून दार उघडं टाकण्यात. झेपत नाही हे वेळेवर सांगणं कुत्र्याच्याच फायद्याचं असतं, कारण हातात वेळ असला तर पुढचं घर निवडून शोधता येतं. अगदी कडेलोट झाल्यावर सांगितलं, तर मिळेल तिथे त्याला ढकललं जातं.

संस्थेला काय लिहायचं याची आम्ही तालीम केली. पहिल्या मसुद्यात सहा वेळा 'सॉरी' होतं, ते काढलं. शेवटी राहिलं ते असं: 'मी ढब्बूला आणखी सहा आठवडे सांभाळू शकते, त्यापुढे नाही. तोवर रात्री काही झालं तर मी कोणाला फोन करायचा, उपचारांचा खर्च आणि निर्णय कोणाचा, आणि महिन्यातून दोन शनिवार-रविवार त्याला कोण नेईल, हे मला लेखी कळवा.' पाठवल्यावर दोन दिवस उत्तर नव्हतं. त्या दोन दिवसांत त्यांनी मला तीनदा विचारलं, मेसेज डिलीट करू का. मग उत्तर आलं, थोडं रुसलेलं. ग्रुपवर कोणीतरी 'लोकांना फक्त गोंडस पिल्लं हवी असतात' असंही टाकलं. ते टोचलं त्यांना, अजूनही टोचतं. पण शनिवार-रविवारची सोय झाली आणि पाचव्या आठवड्यात एक जोडपं पुढे आलं. त्यांचा आधीचा कुत्राही फिटच्या औषधावर होता. त्यांनी पहिला प्रश्न गोळीची वेळ कोणती हा विचारला, तेव्हाच बाईंना ती माणसं आवडली.

सगळ्यांचं इतकं जमून येत नाही, हे सांगायला हवं. कधी पुढचं घर मिळायला बरेच महिने जातात, कधी आजारच आधी बळावतो. तेव्हाही खर्च, निर्णय आणि बदली माणूस, ही बोलणी झालेली असली तर माणूस टिकतो. दुसरीकडे, काही जण याच वाटेने जाऊन शेवटी कुत्रा स्वतःच ठेवून घेतात. त्यालाही माझी हरकत नसते, फक्त तो निर्णय अपराधी वाटतं म्हणून होऊ नये.

ढब्बूला निरोप द्यायच्या आधी बाईंनी विचारलं, "त्याला वाटेल का, हिने मला टाकलं?" कुत्र्याच्या मनात नक्की काय येतं हे मी कसं सांगणार? कुत्री जीव लावतात, माणूस आणि जागा बदलली की गोंधळतात, काही दिवस खाणं कमी होतं, दाराकडे बघत बसतात. सवयीच्या गोष्टी टिकल्या तर लवकर रुळतात. म्हणून गोळीच्या वेळा, हाका, जुनं अंथरूण न धुता, औषधांच्या नावांचा आणि फिटच्या तारखांचा कागद, असं सगळं बरोबर गेलं. देण्याआधी ते जोडपं दोनदा घरी येऊन बसलं.

तो गेल्यावर त्या रात्री आठ तास झोपल्या आणि सकाळी त्याचा पट्टा दिसला म्हणून ढसाढसा रडल्या. सुटकेचं आणि दुःखाचं एकाच वेळी येणं त्यांना विचित्र वाटलं. त्यात भर म्हणजे ऑफिसात कोणी विचारेना, कारण 'तुमचा कुठे होता तो'. ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःखच मानत नाहीत, त्यावर केनेथ डोका यांनी 1989 मध्ये संपादित केलेलं पुस्तक आमच्या अभ्यासात असतं. प्राणी गमावणाऱ्यांना ते लागू पडतंच, फॉस्टर करणाऱ्यांना तर जास्तच. जिवंत आणि सुखरूप असलेल्या कुत्र्यासाठी रडायचं, हे सांगणार कोणाला? आमच्या पुढच्या दोन भेटी त्यातच गेल्या आणि त्या वाया गेल्या असं मला वाटत नाही.

ढब्बूला अजून अधूनमधून फिट येते. नवीन घरातून बाईंना व्हिडिओ येतात, बहुतेक चप्पल पळवण्याचे. संस्थेने मध्यंतरी पुन्हा विचारलं होतं, एका पाय मोडलेल्या कुत्रीसाठी. बाईंनी आधी प्लास्टर किती आठवड्यांचं ते विचारलं, मग खर्च कोणाचा, आणि मग संध्याकाळी नवऱ्याशी बोलून कळवते म्हणाल्या.