सोसायटीच्या सोलरची दुपारी वीज उरते. त्यावर बिटकॉइन मायनिंग परवडेल का?

तुम्ही विचारलंय, ठाण्यात सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे, दुपारी वीज उरते, तर मायनिंगचं मशीन, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांच्या नोंदीसाठी सतत आकडेमोड करून बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन मिळवणारं मशीन, लावून फुकटात बिटकॉइन मिळतील का. मी महापेला एका डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो, राहतो ऐरोलीत, आणि हा उद्योग स्वतः करून बसलोय. म्हणून आधीच सांगतो, तुमची बरीचशी वीज उरलेली नाहीच.

नेट मीटर असेल तर दुपारी महावितरणकडे गेलेलं युनिट तुमच्या खात्यात जमा होतं आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या वापरातून वळतं होतं. म्हणजे मशीनने खाल्लेलं युनिट पुढे बिलात भरावंच लागणार. खरी शिल्लक म्हणजे मार्चअखेर वळती न होता राहिलेली युनिटं. त्यांना नेहमीच्या दरापेक्षा बराच कमी भाव मिळतो. तेवढीच धरून चला.

आता मिळकत. २०२४च्या एप्रिलपासून एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्याला, ३.१२५ बिटकॉइन मिळतात आणि साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक निघतो, म्हणजे अख्ख्या जगात दिवसाला ४५०. मशीनची ताकद म्हणजे सेकंदाला ते किती आकडेमोडी करतं, आणि ती हॅशमध्ये मोजतात. जगभरच्या मशीनांची ताकद हजार एक्साहॅश, म्हणजे शंभर कोटी टेराहॅश धरली, तर २०० टेराहॅशच्या चांगल्या मशीनचा वाटा पन्नास लाखांत एक. दिवसभर चालवलं तर ०.००००९ बिटकॉइन. तुम्ही उन्हाचे पाच तासच चालवणार, म्हणजे त्याच्याही पाचव्या हिश्शाच्या आसपास. त्यावर ३० टक्के कर, आणि वीज किंवा मशीनचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. मशीनची किंमत वसूल व्हायच्या आत ते जुनं होतं, हा भाग वेगळाच.

माझं मशीन सेकंडहँड, सव्वातीन किलोवॅटचं. कमिटीची परवानगी काढून मीटर रूममध्ये लावलं. १६ अँपिअरच्या प्लगमधून सलग १४ अँपिअर ओढत होतं. तासाभराने सॉकेटला हात लावला तर चटका बसला. आवाज तर असा की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, पंप बिघडलाय का? पण खरा घोटाळा ढगांनी केला. ढग आला की सोलर पडतो, मशीनला मात्र त्याचा पत्ताच नसतो. ते मुकाट्याने महावितरणची वीज ओढत राहतं. सेन्सर लावून चालू-बंद करून बघितलं, पण आपल्याकडच्या आभाळाखाली ते सारखं रीस्टार्टच होत बसायचं.

जगात हा धंदा चालतो तो वीज आहे पण न्यायला तार नाही, अशा ठिकाणी. चीनच्या सिचुआनमध्ये पावसाळ्यात धरणांची वीज स्वस्त व्हायची, तेव्हा मायनिंगवाले मशीनं घेऊन तिकडे जायचे आणि कोरड्या दिवसांत कोळशाच्या विजेकडे परतायचे. २०२१ला सरकारने बंदी घातली. पश्चिम टेक्ससमध्ये वारा जोरात असला की विजेचा दर कधीकधी शून्याखाली जातो, आणि ग्रिडवर ताण आला की हीच मशीनं बंद ठेवण्याचे पैसे मिळतात. आपल्याकडे राजस्थानात सोलर पार्क झाले, ट्रान्समिशन लाइन मागे राहिल्या, म्हणून भर दुपारी उत्पादन कमी करायला लावतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात उलटं आहे. कारखाने, लोकल, रात्रंदिवस चालणारी डेटा सेंटरं, सगळे वीज ओढायला टपलेलेच. तुमच्या गच्चीवरचं युनिट शेजारच्या इमारतीतच खपतं.

त्यापेक्षा टाकी भरायचा पंप पहाटेऐवजी बाराला लावा. वीज महावितरणकडे जाऊन परत येण्यापेक्षा जागच्या जागी वापरलेली बरी. सोसायटीत कोणी व्हिडिओ एडिटिंग करत असेल तर त्याचं रेंडरिंग दुपारी होऊ शकतं, ते काम थांबलं तरी कुणाचं अडत नाही. आमच्या सर्व्हरना मात्र ही चैन नाही.

तरीही करायचंच असेल तर आधी जुलैचं बिल काढा आणि एक्स्पोर्टचा, म्हणजे महावितरणकडे गेलेल्या युनिटांचा, आकडा बघा. मी मशीन घेतलं एप्रिलचं बिल बघून.