संगणक सल्ला: पीसी आपोआप रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

प्रश्न: मी इचलकरंजीला घरातूनच डीटीपीची कामं करते, लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळेचे पेपर वगैरे. पीसी असेम्बल केलेला आहे, आय-थ्री, ८ जीबी रॅम, सहा-सात वर्षं झाली. पीसी, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर सगळं एकाच ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे. दोनेक महिने झाले, काम करता करता मधेच स्क्रीन काळी होते आणि पीसी पहिल्यापासून चालू होतो. कधी दिवसभर काही नाही, कधी तासात तीनदा. प्रिंट काढताना जास्त होतं असं वाटतं पण नक्की सांगता येत नाही. रिपेअरवाल्याने दोनदा फॉरमॅट मारला, आता म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. लग्नसराई तोंडावर आलीय, काय करू?

उत्तर: ताई, नवीन मशीन घ्यायची घाई करू नका, आणि तिसऱ्यांदा फॉरमॅट तर अजिबात मारू देऊ नका. दोनदा विंडोज कोरं करूनही तेच चाललंय म्हणजे दुखणं बहुतेक विंडोजमध्ये नाहीच, हे दुसऱ्या फॉरमॅटनंतर तरी लक्षात यायला हवं होतं. कुठलाही पीसी दुकानात नेला की पहिला उपाय फॉरमॅट, ही पद्धत मला मनापासून चुकीची वाटते, कारण त्यात गिऱ्हाइकाचं काम जातं आणि मूळ बिघाड तसाच राहतो. डीटीपीवाल्यांचे तर जास्तच हाल. फाईली डी ड्राइव्हला वाचल्या तरी फॉन्ट उडतात, आणि मग गेल्या वर्षीची पत्रिका कोरलड्रॉमध्ये उघडली की वधूपित्याच्या नावाच्या जागी नुसती भलतीसलती अक्षरं आणि चिन्हं. म्हणून बाकी काही करायच्या आधी आजच्या आज सगळी कामं आणि फॉन्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ठेवा.

आता मूळ मुद्दा. रिस्टार्ट दोन जातीचे असतात. एकात विंडोजला आतमध्ये काहीतरी जबर चूक सापडते आणि ते स्वतःच मशीन रिस्टार्ट करतं, म्हणजे निळी स्क्रीन, फक्त ती इतक्या पटकन जाते की आपल्याला दिसतच नाही. दुसऱ्यात विंडोजला पत्ताच नसतो, वीज एका क्षणासाठी तुटते किंवा खाली येते आणि मशीन धाडकन पडतं. तुमचा कुठला ते ठरल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

ते असं ठरवायचं. धिस पीसीवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथून ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, मग स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या खालचं सेटिंग्ज बटण दाबा. तिथे ऑटोमॅटिकली रिस्टार्टला टिक असेल ती काढा आणि ओके करा. आता पुढच्या वेळी निळी स्क्रीन आलीच तर ती तशीच थांबेल, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, खाली स्टॉप कोड लिहिलेला असतो तो महत्त्वाचा. आणि टिक काढूनही निळं काही न दिसता थेट काळं होऊन चालू झाला तर संशय सरळ विजेकडे जातो.

पडताळा घ्यायला स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाईप करा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. रिस्टार्ट झाला त्या वेळेच्या आसपास लाल खुणेची कर्नल-पॉवर नावाची नोंद दिसेल, आयडी ४१. ही नोंद बघून बरेच जण लगेच म्हणतात पॉवर सप्लाय गेला, तसं नाही, ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. खरी गोष्ट त्याच्या डिटेल्स टॅबमध्ये बगचेककोड म्हणून जी ओळ आहे तिच्यात. तिथे ० असेल तर विंडोजला काही कळायच्या आतच मशीन पडलं, म्हणजे बहुतेक करून वीज. तिथे आकडा असेल तर निळी स्क्रीन होती, २६ असेल तर आधी रॅम बघायची, १५९ असेल तर ड्रायव्हर (प्रिंटर, ग्राफिक्स वगैरे चालवणारा छोटा प्रोग्रॅम), २९२ असेल तर हार्डवेअरची चूक, प्रोसेसरपासून व्होल्टेजपर्यंत काहीही. आणि ४१ च्या ऐवजी १०७४ ची नोंद सापडली तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने किंवा अपडेटने सांगून रिस्टार्ट केलाय, तो बिघाडच नाही.

पण ताई, खरं सांगू, तुमच्या पत्रातलं "प्रिंट काढताना जास्त होतं" हे वाक्य वाचलं आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर आहे हे वाचलं, तिथेच मी थांबलो. लेझर प्रिंटरमध्ये फ्यूजर असतो, टोनरची पूड कागदावर वितळवून चिकटवणारा तापलेला रोलर. तो तापायला घेतला की प्रिंटर काही क्षण पाचशे वॅटच्या वर सहज ओढतो, काही मॉडेलं त्याहून बरंच जास्त. तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस मुळात देतोच साधारण ३६० वॅट. म्हणजे प्रिंट दिली, प्रिंटर घरघरला, यूपीएसमधून टक असा आवाज आला, व्होल्टेज बसलं आणि त्याच्याबरोबर पीसी पण बसला. नेहमी होत नाही कारण फ्यूजर आधीच गरम असेल तर तेवढा ओढत नाही, सकाळची पहिली प्रिंट किंवा बराच वेळ गेल्यावरची प्रिंट बघा, तेव्हाच जास्त होत असणार. यूपीएस बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात की लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका. तेव्हा आजच प्रिंटर काढून भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटला लावा, पीसीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर पण नको. याला पैसे काही लागत नाहीत, आणि मला तरी यातच निम्म्याहून जास्त आशा वाटते.

त्यानंतर यूपीएसची बॅटरी. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षं नीट चालते, तुमची कधी बदलली होती आठवतंय का? सगळं सेव्ह करा, कोरल बंद करा, आणि पीसी चालू असताना भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करा (प्लग उपटू नका, बटणच, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं). पीसी चालू राहिला आणि यूपीएस बीप करत राहिला तर ठीक, पण त्याच क्षणी रिस्टार्ट झाला तर बॅटरी गेलीय किंवा यूपीएसला बॅटरीवर जायला उशीर होतोय. तुमच्या भागात घराघरात लूम, आजूबाजूला माग एकदम चालू-बंद झाले की व्होल्टेज हलतं, तेव्हा यूपीएस दिवसातून कितीदा टकटक करतो याकडे जरा कान ठेवा, त्याच वेळी पीसी पडतोय का तेही कळेल. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाहीये, वायरमनला बोलवा, ते पीसीसाठी नाही तर तुमच्या जिवासाठी.

एवढं करूनही थांबलं नाही तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरला ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला पाहिजे, लालला ४.७५ ते ५.२५. पण क्षणभराची घसरण मीटरला दिसत नाही, त्यामुळे आकडा बरोबर आला म्हणजे एसएमपीएस चांगला असं होत नाही. खरी परीक्षा म्हणजे दुसऱ्या चालू मशीनचा एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं. रिपेअरवाल्याला एवढंच सांगा, मदरबोर्ड बदलायच्या आधी दुसरा एसएमपीएस लावून दाखव. नवीन घ्यायचा झाला तर डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलंय त्यावर जाऊ नका, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर आहेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. १४ अँपिअर असतील तर खरे कामाचे १६८ वॅटच आहेत. जुना एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही हां, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास साठलेले असू शकतात.

मदरबोर्ड खरंच गेलाय का हे बघायचं असेल तर बाजूचं पॅनल काढा आणि टॉर्च मारून प्रोसेसरच्या भोवतीचे उभे गोल कपॅसिटर बघा. त्यांचं डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी चिकट काही आलं असेल तर रिपेअरवाला बरोबर बोलतोय. पॅनल काढलंच आहे तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये कापसाचे बारीक तंतू आणि धूळ अडकून गादी झाली असेल ती ब्रशने आणि ब्लोअरने काढा, फॅन बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. तापल्यावर मशीन शक्यतो रिस्टार्ट न होता सरळ बंद पडतं, त्यामुळे तुमचं मुख्य कारण ते वाटत नाही, पण इचलकरंजीत हे साफ करायलाच पाहिजे.

---

प्रश्न: मी नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. पीसी साधं काम करताना एकदम मस्त चालतो पण गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत रिस्टार्ट. ग्राफिक्स कार्ड नवीन आहे, एसएमपीएस जुनाच ठेवला. प्रोसेसर इंटेलचा १३व्या जनरेशनचा आय-सेव्हन आहे.

उत्तर: मित्रा, उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे रे, कार्ड नवीन आणि एसएमपीएस जुना. ग्राफिक्स कार्ड सरासरी जेवढे वॅट घेतं त्यापेक्षा कितीतरी जास्त झटके मिलिसेकंदांसाठी ओढतं, आणि जुना किंवा हलका एसएमपीएस त्या झटक्याला स्वतःला वाचवायला बंद होतो. आधी बघ, कार्डाला दोन पॉवर कनेक्टर असतील तर दोन्ही एकाच वायरच्या दोन टोकांवरून दिलेत का, तसं असेल तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल काढून लाव. मग कार्डाची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधून ७०-८० टक्क्यांवर आणून गेम खेळून बघ, रिस्टार्ट थांबला तर एसएमपीएस बदलायचा, कार्ड चांगलं आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडला चालवायची सेटिंग, चालू असेल तर तेही एकदा बंद करून बघ, रॅम जास्त स्पीडला टिकत नसली तरी हेच होतं. (रॅम डीडीआर५ असेल तर अशी सेटिंग बदलल्यावर मशीन पहिल्यांदा चालू व्हायला वेळ लावतं, एखाद-दोनदा आपोआप बंद-चालू पण होतं, घाबरून मधे बटण दाबू नको.)

प्रोसेसरचं मात्र वेगळं सांगतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू खराब होण्याचा प्रकार झाला होता, २०२४ मध्ये कंपनीने ते मान्य केलं, मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमचे, ते बायोसबरोबर येतात) अपडेट दिले आणि त्या मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा मदरबोर्ड कंपनीच्या साईटवरून ताजा बायोस टाक. हे न टाकता वापरत राहणं मला धोक्याचं वाटतं. पण आधीच झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही, म्हणून बायोस टाकूनही गेम क्रॅश होत असतील, मोठी झिप फाईल उघडताना एरर येत असतील, तर बिल शोधून ठेव आणि वॉरंटीला लाव.

---

प्रश्न: मडगावला आमचं घर आहे, पावसाळ्यात तीन-चार महिने बंद होतं. आता पीसी चालू केला तर फॅन फिरतो, दोन-तीन सेकंदांत बंद, परत फिरतो, परत बंद. स्क्रीनवर काहीच येत नाही.

उत्तर: काका, यात विंडोजचा संबंधच नाही, विंडोज अजून सुरूच झालेलं नाही. कोकण-गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत बंद राहिलेल्या मशीनला हे फार होतं, आणि बहुतेक वेळा रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसलेला असतो. प्लग काढा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग रॅम काढा. साध्या पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पट्टी पुसा, खोडरबराचा चुरा झटकून टाका, स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. दोन रॅम असतील तर एकच लावा, दोन्हीकडून कट असा आवाज येईपर्यंत दाबा. नाही झाला तर दुसरी लावून बघा, स्लॉट बदलून बघा.

तरीही तसंच झालं तर आणखी एक साधी गोष्ट. कॅबिनेटच्या पुढचं रिसेटचं बटण दमटपणाने आतच अडकून बसतं किंवा त्याचे काँटॅक्ट गंजून चिकटतात आणि मग मशीन सतत रिसेट होत राहतं. मदरबोर्डच्या कोपऱ्यात बारीक पिनांवर बऱ्याच वायरी येतात, त्यातली रिसेट लिहिलेली दोन पिनांची टोपी काढून टाका आणि पॉवर बटणानेच चालू करा. त्याने चालू झाला तर ती वायर तशीच काढलेली राहू द्या, रिसेट बटणाशिवाय पीसीचं काही अडत नाही.