उघड्या धातूचं मिग रंगवताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं रेखाटन आणि तैलरंगाची चाचणी, दोन्ही नीट पाहिलं. विषय चांगला आहे: मिग-21 लढाऊ विमान, टाइप 77 (म्हणजे भारतीय हवाई दलातलं मिग-21एफएल), 1971 च्या आधीचं, न रंगवलेल्या ॲल्युमिनियमचं. पण कागदावर उतरलंय ते अर्धं बिस आहे, म्हणजे मिग-21 चा नंतरचा प्रकार. टाइप 77 ला प्रत्येक पंखाखाली शस्त्रं अडकवायची एकच टांगणी असते, तू दोन-दोन काढल्यास. पाठीचा उंचवटा बारीक हवा, तू तो बिससारखा जाड केलायस. पिटोची नळी (वेग मोजण्यासाठी पुढे आलेली लांब नळी) टाइप 77 वर हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या वरच्या कडेला मधोमध असते, बिसवर ती उजवीकडे सरकते. 'मिग-21' असं शोधलं की सगळे प्रकार एकाच ढिगात येतात, त्यातून ही भेसळ होते. एकाच टाइपचे आठ-दहा फोटो बाजूला काढ आणि बाकीचे नजरेआड कर. ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवरचा भारतीय मिगांचा 14 डिसेंबर 1971 चा हल्ला पुढे कधी काढणार असशील, तर आधी विमानांचा रंग तपास. त्या युद्धात काही टाइप 77 वर हिरवा-मातकट रंग फासला होता. आणि डिसेंबरच्या मध्याला ढाक्यात सूर्य भर दुपारीही 43 अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे सावल्या लांब पडतात.

रेखाटनात धडाचा मध्य-अक्ष आधी ओढ. त्यावर पाच-सहा ठिकाणी लंबवर्तुळं घाल: तोंडाची कड, कॉकपिटपुढे, पंखांची मुळं, शेपटीआधी, नोझल (इंजिनाचं मागचं तोंड). प्रत्येक लंबवर्तुळाचा लहान व्यास अक्षावरच पडला पाहिजे. तुझ्या नोझलचा पडत नाही, म्हणून शेपटी मुरगळल्यासारखी दिसते. पंखांची पुढची कड 57 अंश मागे झुकलेली असते आणि पंख टोकाकडे 2 अंश खाली उतरतात. हे 2 अंश विसरले की मिगचा चेहराच जातो. फोटोवरून थेट गिरवू नकोस. जवळून रुंद लेन्सने घेतलेल्या फोटोत नाक फुगतं आणि शेपटी आक्रसते.

आता मुख्य मुद्दा. चाचणीत तू टायटॅनियम व्हाइटमध्ये काळा मिसळून करडा केलास आणि त्यावर पांढऱ्या रेघा ओढल्यास. त्याने पत्र्याची बादली झाली. उघड्या धातूला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. उडत्या विमानाचं धड हा आडवा गोल आरसा आहे. पाठीवर माथ्यावरचं आकाश उमटतं, म्हणून निळा तिथे सगळ्यात गडद. कुशीकडे येताना क्षितिजाजवळचं फिकट आकाश येतं. मग एकदम एक कड लागते, तिथून जमीन सुरू होते, आणि पोटावर मातकट उबदार रंग पसरतो. बहुतेक जण सवयीने वर उजेड, खाली अंधार करतात आणि धातू तिथेच मरतो. सूर्याचा चमकारा वेगळा, तो पाठीवरून जाणारी एक अरुंद पट्टी एवढाच.

म्हणून आकाश आणि जमीन ठरल्याशिवाय विमानाला हात लावू नकोस. आकाशासाठी केलेली मिश्रणं पॅलेटवर ठेव, तीच धडावर थोडी मळवून वापरायची आहेत. करडा अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर आणि पांढऱ्यातून कर. निळा वाढवला की थंड, अंबर वाढवला की उबदार. पोटाला यलो ऑकर. मोठ्या कॅनव्हासआधी स्टीलचा पेला सकाळी गच्चीत आडवा ठेवून 15 बाय 20 सेंमीच्या बोर्डवर रंगव.

भारतीय हवाई दलाचं चक्र, म्हणजे विमानावरची तिरंगी गोल खूण, मात्र रंगाचं असतं, आरशाचं नाही. त्यावर ऊन-सावलीचा साधा नियम चालतो: उन्हाकडचा भाग उजळ, वळणाखालचा गडद. शेजारी धातू उलटा वागतोय आणि चक्र सुलटं, या विरोधातूनच धातू धातूसारखा दिसतो. त्यातला पांढरा ट्यूबमधला पांढरा नको, आणि केशरीही मळव. नाकातला शंकू हिरवा असतो, तोही चमकवू नकोस. मागे इंजिनाभोवतीचे पत्रे गडद, तपकिरी-निळसर झाक असलेले.

पत्र्यांचे सांधे हा नवशिक्यांचा लाडका छंद. हिशोब कर: पंखांचा विस्तार 7.15 मीटर. कॅनव्हासवर तो 22 सेंमी आला तर प्रमाण साधारण 1:32, म्हणजे 3 मिलिमीटरची फट 0.1 मिलिमीटरची होते. ती काळ्या रेघेने काढलीस की प्लास्टिकचं मॉडेल तयार. त्याऐवजी शेजारशेजारचे पत्रे किंचित कमी-जास्त उजळ ठेव, सांधा आपोआप दिसतो. सरळ कडांसाठी पट्टी एका बाजूने उचलून धर आणि ब्रशची धातूची मान तिच्यावरून सरकव. मास्किंग टेप नको, कडेला रंगाचा बांध साचतो.

वेगासाठी सगळं विमान पुसट करायची गरज नाही. नाकाची आणि उन्हातली कड धारदार ठेव, शेपटीची सावलीतली कड कोरड्या ब्रशने आकाशात मिसळू दे. दिवसाउजेडी आफ्टरबर्नरची (जादा जोरासाठी इंजिनामागे इंधन जाळतात त्याची) ज्वाळा फिकट असते, भगवा लोळ काढू नकोस. नोझलमागचं आकाश थोडं थरथरतं दाखवलंस तरी पुरे.

थरांचा क्रम पाळ: खाली टर्पेंटाइनने पातळ केलेला अंबर, वर जवसाचं तेल वाढवत जा. खालच्या थरात आयव्हरी ब्लॅक जाड लावलास तर तो सावकाश वाळतो आणि वरचा थर तडकतो. अंबर लवकर वाळतो, म्हणून खालचं काम त्याच्यावर सोपव. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ लागतो, कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवलास तर मागून बुरशी येते. शेवटचं वार्निश किमान 6 महिन्यांनी. त्याआधी प्रदर्शनाला द्यायचंच असेल तर रिटचिंग वार्निशचा (तात्पुरत्या, पातळ वार्निशचा) एक हात दे.

पेल्याचं चित्र झालं की त्याचा फोटो सावलीत काढून पाठव, उन्हात काढलास तर ओल्या रंगाच्या चमकेत मला काही कळणार नाही.

कळावे.