मुलाचा ताप वाढला की तो डोक्यात जातो का?

तुमचा मुलगा १६ महिन्यांचा आहे, थर्मामीटर १०२ च्या वर गेलं की तुमचे हातपाय गळतात, आणि सासूबाई म्हणतात ताप डोक्यात जाईल. तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या घरातली ती रात्र आठवली. मी डॉक्टर नाही. लेकीच्या तापाने घाबरलेली आई आहे, आणि नंतर आमच्या बालरोगतज्ज्ञांना पुन्हापुन्हा विचारून जे कळलं ते सांगते.

सर्दी, घसा, पोट यांच्या नेहमीच्या संसर्गात येणारा १०२, १०३, अगदी १०४ चा ताप मेंदूला इजा करत नाही. तो शरीराने स्वतःच वाढवलेला असतो आणि कुठे थांबायचं हेही शरीरच ठरवतं. उन्हात बंद गाडीत मूल अडकलं तर गोष्ट वेगळी, तिथे शरीराचा ताबा सुटतो.

तरी सासूबाईंचं बोलणं उडवून लावू नका. त्यांच्या पिढीने मेंदूज्वर पाहिलाय, मेंदूत गेलेला मलेरिया पाहिलाय. आधी सणकून ताप, मग बेशुद्धी, आणि वाचलंच तर पोर जन्माचं अधू. बघणाऱ्याला वाटणारच की हे तापाने केलं. खरं नुकसान मेंदूतल्या संसर्गाने केलेलं असायचं, ताप त्याच्याबरोबर आलेला. म्हणून आमचे डॉक्टर सांगतात, औषध दिल्यावर तासाभराने मुलाकडे बघा. ताप १०४ वरून १०२ वर आलाय आणि पोरगं उठून खेळणं ओढतंय, पाणी पितंय, तर रात्र घरी काढता येते. ताप १०१ च आहे पण मूल मान टाकून पडलंय, हाक मारली तरी बघत नाही, तर सकाळची वाट बघू नका.

आता त्या रात्रीचं. माझी लेक तेव्हा १४ महिन्यांची होती. दुपारपासून अंग कोमट होतं, रात्री एकदम भडकलं, आणि माझ्या मांडीवरच तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, मग झटके यायला लागले. शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या. नवऱ्याने दातखीळ सोडवायला बोट तोंडात घातलं, ते चांगलंच चावलं गेलं. मला वाटलं, गेली. प्रत्यक्षात दोनेक मिनिटांत सगळं थांबलं होतं.

याला तापाची आकडी म्हणतात. ६ महिने ते ५ वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती कधीतरी येते. दिसायला भयंकर, पण अशा छोट्या आकडीने बुद्धीवर परिणाम होत नाही. एकदा आलेल्या मुलांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला पुन्हा येते. तापाचं औषध वेळेवर दिलं म्हणून ती टळतेच असं नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर महिनोन्महिने ‘मी औषध द्यायला उशीर केला’ म्हणून स्वतःला कोसत बसले नसते.

आली तर मुलाला जमिनीवर किंवा गादीवर एका कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. थांबली तरी पहिल्यांदाच आली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच.

औषधाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चूक मीच केली होती. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर असतो, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये निदान चार ते सहा तास. लेक ९ किलोची होती. आमच्या जुन्या बाटलीत ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम होतं, म्हणजे ५ मिली बरोबर. एकदा मेडिकलवाल्याने ५ मिलीत २५० वाली बाटली दिली, मी सवयीने ५ मिलीच पाजलं. जवळजवळ दुप्पट गेलं. बाटली परत ठेवताना नजर पडली, रात्रीच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पुढचा डोस लांबवायला सांगितलं आणि निभावलं. थेंबांच्या बाटलीत तर बहुधा १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. तेव्हा मुलाचं आजचं वजन करून घ्या आणि तुमच्या घरातल्याच बाटलीचे किती मिली, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. ताप पूर्ण उतरला नाही म्हणून मधेच आणखी पाजू नका, औषधाने एक-दोन अंश उतरला तरी पुरे. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या नकोत, त्याने पोर कुडकुडतं. गोधडीत गुंडाळूही नका.

पावसाळ्यात डेंगीची साथ असते, तेव्हा पॅरासिटामॉलशिवाय तापाचं दुसरं औषध मनाने देऊ नका. डेंगीत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार, हिरड्यांतून रक्त, असं काही दिसलं तर ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

खोकल्याचं सिरप मेडिकलमधून परस्पर आणणं तर सोडूनच द्या. २०२५ मध्ये छिंदवाड्यात विषारी सिरपने लेकरं गेली, त्यातल्या काहींना आपल्या नागपुरात आणलं होतं. त्या बातम्या मला पूर्ण वाचवल्या नाहीत.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तरी लगेच दवाखाना. तुमच्या मुलाच्या वयात सहा-आठ तास लघवी नाही, मान वाकवता येत नाही, श्वास धापेचा आहे, अंगावर दाबून न जाणारे लाल-जांभळे ठिपके आहेत, किंवा ताप तीन दिवसांहून जास्त आहे, तर न्यायचंच.

लेकीला दोन वर्षांची असताना पुन्हा आकडी आली. मी कामावर होते, घरी फक्त सासूबाई. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या आणि मला फोनवर म्हणाल्या, ‘दीड मिनिट झालं, थांबली, आता रडतेय.’ तुमच्याही सासूबाईंना जवळ बसवून एकदा करून दाखवा.